ब्राउझर कुणाचा माणूस?
प्रस्तावना

माझ्या थोरल्या भावाचे पुण्यात डीटीपीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, गणेश मंडळांचे अहवाल, पतसंस्थांच्या नोटिसा, एखाद्या दिवाळी अंकाची जुळणी, अशी कामे तिथे पंचवीस वर्षे चालू आहेत. युनिकोड रुळण्याआधीचे श्रीलिपी, शिवाजी, किरण, आकृती असे दोनशेच्या वर मराठी फाँट त्याच्या मुख्य संगणकावर साठले आहेत. या पुस्तकासाठी वाचन सुरू केले तेव्हा एका दुपारी मी त्या यंत्रावर इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनची चाचणी चालवून पाहिली. ब्राउझरमधल्या सगळ्या कुकी आधी पुसल्या होत्या आणि कुठल्याही खात्यात लॉग-इन केलेले नव्हते. तरीही निकाल आला तो असा : अलीकडे तपासलेल्या ब्राउझरांत अगदी यासारखा दुसरा एकही नाही.

याला मुख्यतः ते फाँट कारणीभूत होते. यंत्रावर कोणते फाँट आहेत हे कळायला संकेतस्थळाला यादी मागावी लागत नाही. एकच शब्द, डोळ्यांना दिसणार नाही असा, एकामागून एक शेकडो फाँटांत मांडायचा आणि दर वेळी त्याची रुंदी मोजायची. रुंदी बदलली, की तो फाँट यंत्रावर आहे. त्याला पडद्याचा आकार, घड्याळाचा पट्टा, चित्र रेखाटण्याची यंत्राची बारीकशी लकब, आणि ब्राउझर प्रत्येक पानाला आपणहून सांगतो ती पसंतीची भाषा जोडली, की ठसा तयार होतो. २०१० मध्ये याच संस्थेच्या पीटर एकर्सली यांनी सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले होते. इंग्रजीत वावरणारे यंत्र आपल्यासारख्या लाखो यंत्रांत मिसळून जाण्याची थोडी तरी शक्यता असते. मराठीत काम करणारे, मराठी फाँट बाळगणारे आणि पसंतीची भाषा म्हणून मराठी सांगणारे यंत्र मात्र चटकन उठून दिसते. हा विषय मराठीत लिहिला पाहिजे असे मला वाटले ते त्या दुपारी.

वेबच्या तांत्रिक दस्तऐवजांत ब्राउझरला एक जुने नाव आहे : यूजर एजंट. म्हणजे वापरकर्त्याचा प्रतिनिधी. त्याच्या वतीने बाहेर जाणारा, मागणारा आणि आणून देणारा. आपल्याकडे व्यवहारात असल्या माणसाला मुखत्यार म्हणतात, बाजार समितीत अडत्या म्हणतात. आणि मुखत्याराशी गाठ पडली, की गावात पहिला प्रश्न विचारतात तो हाच : हा कुणाचा माणूस? या सगळ्या पुस्तकात मी तोच प्रश्न ब्राउझरला विचारला आहे. जाहिराती, कुकी, कायदे, खटले या गोष्टी पुढे येतीलच, पण त्या सगळ्यांचा धागा या एका प्रश्नात आहे.

वेबचा मूळ स्वभाव विसराळू आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९-९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत ही रचना केली, तेव्हा शास्त्रज्ञांनी एकमेकांची कागदपत्रे वाचावीत एवढाच हेतू होता. एक पान मागायचे, ते मिळाले की संबंध संपला. पुढच्या मागणीच्या वेळी सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवखेच. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी मोफत खुले केले, त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून मोझेक हा चित्रे दाखवणारा ब्राउझर आला, आणि त्यातल्याच काही तरुणांनी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनी उभारली. आता वेबवर दुकाने निघणार होती, आणि विसराळू दुकानदाराला धंदा करता येत नाही. टोपलीत एक वस्तू टाकून गिऱ्हाईक दुसऱ्या पानावर गेले, की टोपली कुणाची हे सर्व्हरला कळेना.

यावर नेटस्केपमधल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने १९९४ मध्ये काढलेला तोडगा म्हणजे कुकी. सर्व्हरने ब्राउझरकडे एक छोटीशी चिठ्ठी ठेवायला द्यायची आणि ब्राउझरने पुढच्या खेपेला ती त्याच सर्व्हरला दाखवायची. याहून सोपा उपाय समोर होता : प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकायचा. माँटुलींनी तो मुद्दाम टाळला, कारण तसे केले असते तर सगळ्या संकेतस्थळांना एकाच माणसाचा माग काढता आला असता. चिठ्ठी ज्याने दिली त्यालाच ती वाचता येईल, हा नियम त्यांनी खासगीपणाच्या काळजीपोटीच घातला. ही गोष्ट मी आग्रहाने सांगतो. कुकी हे पाळतीचे हत्यार म्हणून जन्मलेले नाही. पाळत होऊ नये म्हणून विचारपूर्वक केलेली ती रचना होती, आणि तिला एक फट राहिली.

ती फट अशी. एका पानावरची सगळी चित्रे एकाच सर्व्हरवरून येतात असे नाही. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी हॉटवायर्ड या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीचा जाहिरातपट्टा झळकला. वेबवरच्या बॅनर जाहिरातींची सुरुवात सहसा तिथून मोजतात. लवकरच असे पट्टे एखाद्या मध्यवर्ती जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येऊ लागले. पट्टा आणताना ब्राउझर त्या सर्व्हरशीही बोलतो, त्याचीही चिठ्ठी ठेवून घेतो आणि आपण कोणत्या पानावरून आलो तेही सांगतो. मग दहा हजार संकेतस्थळांवर एकाच कंपनीचे पट्टे असतील, तर त्या कंपनीला दहा हजार ठिकाणी तीच चिठ्ठी दिसते. वाण्याला आपण काय नेतो हे ठाऊक असते, त्याच्या वहीत ते मांडलेलेही असते, आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही, कारण ती वही त्याच्या गल्ल्याशेजारी राहते. तिसऱ्या पक्षाची कुकी म्हणजे वाणी, औषधवाला, ग्रंथालय, पतपेढी आणि दवाखाना या सगळ्यांच्या दारात बसलेला एकच कारकून.

फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने कुकीबद्दल लिहिले, तेव्हा असे काही आपल्या संगणकात आहे हे बहुतेकांना प्रथमच कळले. त्यानंतरचे एक वर्ष मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. इंटरनेटची प्रमाणके ठरवणाऱ्या मंडळात डेव्हिड क्रिस्टल आणि स्वतः माँटुली यांनी कुकीचे पहिले प्रमाणक लिहिले आणि ते फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्पष्ट म्हटले होते, की तिसऱ्या पक्षाच्या कुकी ब्राउझरने मुळातच नाकाराव्यात; वापरकर्त्याला हव्या असतील तर त्याने त्या सुरू कराव्यात. म्हणजे दोष ओळखला गेला होता आणि उपाय छापलाही गेला होता. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही तो अमलात आणला नाही. माँटुलींनी पुढे आपली बाजू मांडली : बंदी घातली असती तर जाहिरातवाल्यांनी वापरकर्त्याला दिसणारही नाही आणि पुसताही येणार नाही अशी दुसरी वाट शोधली असती, कुकी निदान पुसता तरी येते. माझ्या भावाच्या यंत्राचा ठसा ही तीच दुसरी वाट. त्यांचा अंदाज खोटा नव्हता. पण कुकीला मोकळीक देऊन ती वाट बंद झाली नाही, आणि मधली वीस-बावीस वर्षे ही खुली राहिलेली पहिली वाट म्हणजे हमरस्ता झाली. डिफॉल्ट नावाच्या गोष्टीत केवढी सत्ता असते याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. कोट्यवधी लोकांच्या वतीने एक निर्णय झाला आणि त्यांच्यापैकी कुणाला तो झाल्याचे कळलेही नाही.

कुकीची ती वाट ज्यांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली त्यांत न्यूयॉर्कची डबलक्लिक ही कंपनी होती. १९९९ मध्ये तिने अबॅकस डायरेक्ट ही कंपनी विकत घेतली. अबॅकसकडे टपालाने माल मागवणाऱ्या अमेरिकी कुटुंबांची नावे, पत्ते आणि खरेदीच्या नोंदी होत्या. निनावी चिठ्ठीला नावपत्ता जोडण्याचा तो बेत होता. ओरड झाली, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी सुरू केली आणि मार्च २००० मध्ये कंपनीने माघार घेतली. २००८ मध्ये गुगलने ३.१ अब्ज डॉलरचा सौदा पुरा करून डबलक्लिक ताब्यात घेतली. त्यानंतर २०१६ च्या उन्हाळ्यात गुगलने आपल्या गोपनीयता धोरणातले एक वाक्य बदलले, आणि डबलक्लिकच्या नोंदी व्यक्तीच्या गुगल खात्याशी जोडण्याची मुभा स्वतःला घेतली. २००० मध्ये जे करू नये असे सगळ्यांना वाटले होते, ते सोळा वर्षांनी एका वाक्यात झाले. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. लोकांचे मत मधल्या काळात बदलले होते असे मला वाटत नाही. विरोध करायला दिसावी अशी जागा तेवढी उरली नव्हती.

आज पान उघडताना पडद्यामागे जे होते त्याला लिलावच म्हणतात, आणि तो खरोखरीचा लिलाव असतो. पान उमटायला लागणाऱ्या क्षणात, साधारण शंभर मिलिसेकंदांत, पानाचा पत्ता, यंत्राचा प्रकार, ढोबळ ठिकाण आणि चिठ्ठीचा क्रमांक अशी माहिती अनेक बोली लावणाऱ्यांकडे पाठवली जाते. ज्याची बोली जास्त त्याची जाहिरात झळकते. हरलेल्यांच्या हातीही माहिती गेलेली असते, आणि ती परत येत नाही. लासलगावला कांद्याचा लिलाव होतो तेव्हा शेतकरी आपल्या ट्रॉलीजवळ उभा असतो. भाव पटला नाही तर माल परत नेण्याचा हक्क त्याला असतो. मुंबईच्या आंब्याच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची रीत होती, आणि भाव बागायतदारापासून झाकला जातो म्हणून तिच्यावर टीका होत आली. जाहिरातीच्या लिलावात रुमालही दिसत नाही, आणि आपण बाजारात आलो आहोत हेच मालाला ठाऊक नसते.

ब्राउझर बनवणाऱ्यांचा इतिहास मात्र मी पुढच्या पानांत थोडक्यात उरकला आहे, कारण त्यावर इतरत्र भरपूर लिहिले गेले आहे. मायक्रोसॉफ्टने १९९५ पासून विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर देऊन नेटस्केपला संपवले, १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने खटला भरला, नेटस्केपच्या खुल्या केलेल्या संहितेतून मोझिला आणि २००४ मध्ये फायरफॉक्स १.० उभा राहिला. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते नंतरचे. अॅपलचा सफारी २००३ मध्ये आला तो तिसऱ्या पक्षाच्या कुकी मुळातच अडवणारा, म्हणजे १९९७ चे ते विसरलेले वाक्य पाळणारा. गुगलने ती अडवणूक चुकवली म्हणून फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये तिला २ कोटी २५ लाख डॉलरचा दंड केला. सफारीने २०१७ पासून माग काढणाऱ्यांना ओळखून रोखायला सुरुवात केली आणि मार्च २०२० मध्ये तिसऱ्या पक्षाच्या कुकी पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये ज्ञात ट्रॅकर मुळातच अडवले आणि २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकींना वेगळा कप्पा दिला. ब्रेव्ह आणि टॉर हे तर याच कामासाठी बांधलेले ब्राउझर.

राहिला क्रोम. २००८ मध्ये आलेला हा ब्राउझर आज वेब वापरणाऱ्यांपैकी साधारण दोनतृतीयांश लोक वापरतात, आणि तो ज्या कंपनीचा आहे तिचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे. जानेवारी २०२० मध्ये गुगलने जाहीर केले की दोन वर्षांत क्रोममधूनही तिसऱ्या पक्षाच्या कुकी जातील. त्याऐवजी ब्राउझरनेच माणसाची आवड ओळखून गटवारी करावी अशा योजना आल्या; पहिली २०२१ मध्ये टीकेत विरली, दुसरी २०२२ मध्ये मांडली गेली. मुदती पुढे ढकलल्या गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये एक टक्का वापरकर्त्यांसाठी कुकी बंद झाल्या, जुलैत बेत बदलला, एप्रिल २०२५ मध्ये वापरकर्त्याला वेगळे विचारायचेही नाही असे ठरले, आणि त्याच वर्षी पर्यायी योजनांपैकी बहुतेक गुंडाळण्यात आल्या. यात गुगलचा निव्वळ अप्रामाणिकपणा होता असे म्हणणे सोपे आहे, पण पूर्ण खरे नाही. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने वेगळीच भीती दाखवली होती : कुकी गेल्या तर बाकीच्या जाहिरात कंपन्या आंधळ्या होतील, आणि ज्याच्याकडे शोधयंत्र, यूट्यूब आणि अँड्रॉइड आहे तो गुगल आणखी बलवान होईल. कुकी ठेवल्या तर वापरकर्त्याचे नुकसान, काढल्या तर बाजाराचे. अडत्या आणि व्यापारी एकच झाले, की कोणताही निर्णय निर्मळ राहत नाही. गुगलची सचोटी तपासण्यापेक्षा ही रचना तपासणे मला अधिक गरजेचे वाटते.

आणि ही रचना क्रोमपुरती नाही. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये शोधयंत्राच्या बाजारात गुगलची बेकायदा मक्तेदारी असल्याचा निकाल दिला. त्या खटल्यात उघड झाले, की इतरांच्या यंत्रांवर आणि ब्राउझरांवर आपले शोधयंत्र डिफॉल्ट राहावे म्हणून गुगलने एकट्या २०२१ मध्ये २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली. तिच्यातला सिंहाचा वाटा अॅपलला जातो, आणि मोझिलाचे बहुतांश उत्पन्नही याच वाटेने येते. म्हणजे खासगीपण जपणाऱ्या ब्राउझरांची चूलही जाहिरातींच्या पैशावरच पेटते. वाचकाने फायरफॉक्स किंवा सफारी घ्यावा असे मी या पुस्तकात म्हणतो, आणि हे ठाऊक असून म्हणतो.

या प्रश्नाकडे पाहणाऱ्यांचे, घराणी म्हणावीत असे काही गट आहेत. कायद्याच्या घराण्याचा भर संमतीवर. १८९० मध्ये सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांनी हार्वर्डच्या विधीपत्रिकेत खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला तिथून ही परंपरा चालत येते आणि युरोपच्या जीडीपीआर या २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीत ती सर्वांत ठाम दिसते. आधीच खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असे युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. नकार देणे होकाराइतके सोपे ठेवले नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड केला. या घराण्याबद्दल मला आदर आहे, पण दिवसाला वीस वेळा विचारलेल्या प्रश्नाला दिलेला होकार हा होकार उरत नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न त्याला अजून सोडवता आलेला नाही. तंत्रज्ञांच्या घराण्याला विनंतीवर भरवसा नाही. कारण त्यांनी ती करून पाहिली : माझा माग काढू नका, अशी सूचना ब्राउझरने प्रत्येक मागणीसोबत पाठवायची, ही कल्पना २०११ मध्ये फायरफॉक्समध्ये आली, बहुतेक कंपन्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले, आणि २०१९ मध्ये तिचे प्रमाणक ठरवणारा गटच बंद झाला. त्यांचा मार्ग म्हणजे यंत्रातच अडसर घालणे. जाहिरात अडवणारी विस्तारके हे त्याचे लोकप्रिय रूप.

शोशाना झुबॉफ यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की हा एका नव्या भांडवलशाहीचा पाया आहे आणि तो सेटिंग बदलून हलणार नाही. मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती हेलन निसेनबॉम यांची मांडणी. माहिती गुप्त आहे की उघड, हा मुद्दा त्या मानत नाहीत. ती ज्या संदर्भात दिली त्या संदर्भाच्या रीतीप्रमाणे वाहते आहे की नाही, हे त्या विचारतात. वाण्याची वही वाण्याकडे, डॉक्टरची नोंद डॉक्टरकडे. आपल्या भाषेला ही समज जुनी आहे. होळकरशाहीत खासगी म्हणजे राजघराण्यातल्या स्त्रियांचा दौलतीपासून वेगळा हिशेब; अहिल्याबाईंनी घाट आणि देवळे बांधली ती या खासगीतून. त्या खर्चात लपवण्यासारखे काही नव्हते, घाट तर सगळ्या जगाला दिसत होते. खासगी याचा अर्थ एवढाच, की हा हिशेब माझा आहे आणि तो कसा चालावा हे मी ठरवीन. लपवण्यासारखे नसेल तर भीती कशाला, असे विचारणाऱ्याला हा शब्दच उत्तर देतो.

जाहिरातवाल्यांची बाजूही या पुस्तकात आहे आणि ती मी हलकी केलेली नाही. फुकट मिळणारा मजकूर कुणीतरी पैसे देऊन उभा केलेला असतो. मराठीतली अनेक छोटी संकेतस्थळे जाहिरातीवरच तगून आहेत, आणि दिवाळी अंकांची शंभर वर्षांहून जुनी परंपरा तर जाहिरातींशिवाय टिकलीच नसती. पण दिवाळी अंकातल्या सराफाच्या जाहिरातीने वाचक कोण आहे हे कधी विचारले नाही; ती अंकाच्या वाचकवर्गावर भरवसा ठेवून होती. मजकूर पाहून दिलेली जाहिरात आणि माणूस पाहून दिलेली जाहिरात यांत फरक आहे. न्यूयॉर्क टाइम्सने जीडीपीआरनंतर युरोपात माणसामागे लागणाऱ्या लिलावी जाहिराती बंद केल्या, तरी तिथले जाहिरातींचे उत्पन्न घटले नाही. सगळ्यांना हे जमेल असे नाही. तरी जाहिरात म्हणजे पाळत, हे समीकरण अटळ नाही एवढे त्यातून दिसते.

आपल्याकडे हा विषय आला तो फोनवरून, आणि उशिरा. बटणांच्या फोनवर महागडा डेटा पुरवून वापरायचा त्या काळात ऑपेरा मिनी घराघरात होता. पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडले जाई, तिथे आवळून लहान होई, आणि मग आपल्यापर्यंत येई. पैसे वाचत होते, आणि आपण वाचलेले प्रत्येक पान वाटेत कुणीतरी उघडत होते. पुढे यूसी या चिनी ब्राउझरने भारतात मोठी मजल मारली. टोरांटोच्या सिटिझन लॅबने २०१५ मध्ये दाखवले की त्यातून फोनची ओळख आणि शोधलेले शब्द नीट कुलूपबंद न करता बाहेर जात होते. भारताने त्यावर जून २०२० मध्ये बंदी घातली ती चीनशी संबंध बिघडल्यावर. २०१५ मध्येच बेंगळुरूच्या एका तंत्रज्ञाला आढळले की एक मोठी दूरसंचार कंपनी ग्राहक वाचत असलेल्या पानांमध्ये वाटेतच आपला कोड घुसवते आहे. त्याने ते जाहीर केले, तर नोटीस त्यालाच आली. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ब्राउझर म्हणजे अँड्रॉइडवर आधीपासून असलेला क्रोम, असे समीकरण कोट्यवधी नव्या वाचकांसाठी निवडीविनाच ठरून गेले.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. त्यातून सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. या कायद्यात कुकी हा शब्द नाही. पण मुलांचा, म्हणजे १८ वर्षांखालच्यांचा माग काढणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे याला त्यात मनाई आहे. आणि ज्या तरतुदीकडे मला मराठी वाचकांचे लक्ष वेधायचे आहे ती ही : संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे. त्या अनुसूचीत मराठी आहे. म्हणजे कंपन्यांना हे सगळे मराठीत समजावून सांगावे लागणार आहे. ते त्यांच्या वकिलांनी भाषांतरित केलेल्या, कुणाला न कळणाऱ्या मराठीत सांगितले जाईल, की माणसांच्या मराठीत, हे आपण आत्ता कोणते शब्द रुळवतो यावर अवलंबून आहे. म्हणूनच या पुस्तकात मी ट्रॅकिंगला माग म्हटले आहे, सर्व्हेलन्सला पाळत म्हटले आहे, आणि कुकीला कुकीच राहू दिले आहे, कारण तो शब्द आता सगळ्यांना माहीत आहे.

हे आत्ताच का लिहायचे, याचे कारण मला एका घरात दिसले. माझ्या नात्यातल्या एका बाईंना छातीत गाठ लागली. कुणालाही सांगण्याआधी त्यांनी घरातल्या एकुलत्या फोनवर, रात्री सगळे झोपल्यावर, त्याबद्दल वाचले. दोन दिवसांनी त्याच फोनवर क्रिकेटचा धावफलक पाहणाऱ्या नातवासमोर कर्करोगाच्या रुग्णालयाच्या जाहिराती येऊ लागल्या. नातवाने सहज विचारले, आणि त्यांना जे स्वतःच्या वेळी, स्वतःच्या शब्दांत सांगायचे होते ते भर जेवणात बाहेर आले. गाठ साधी निघाली. पण त्या दिवसाबद्दल त्या अजूनही बोलत नाहीत. खासगीपणाच्या चर्चा एकेका माणसाचा एकेक फोन धरून चालतात; आपल्या घरांत फोन सामायिक असतो, आणि माग काढणाऱ्याला ते ठाऊक नसते किंवा त्याची पर्वा नसते.

या पुस्तकात मी तंत्र समजावण्याला सर्वाधिक जागा दिली आहे, कारण काय चालले आहे हे न कळता दिलेला होकार आणि केलेला विरोध दोन्ही पोकळ असतात. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. बाजार कसा चालतो हे ज्याला कळते त्याला यातले सगळे कळेल. सेटिंगच्या सूचना कमी आहेत, कारण त्या सहा महिन्यांत जुन्या होतात. कायद्याचा भाग नियम पुरते लागू होण्याआधी लिहिलेला आहे, तो तसाच वाचावा.

भावाच्या यंत्राचे पुढे काय झाले, ते शेवटच्या प्रकरणात येते. मी त्याला असा ब्राउझर घालून दिला, की जो संकेतस्थळांना यंत्रावरचे फाँट दिसू देत नाही आणि सगळ्यांना एकसारखाच चेहरा दाखवतो. चाचणीचा निकाल सुधारला. आठवड्याने त्याचा फोन आला. एका जुन्या साहित्य संस्थेचा संग्रह तो अधूनमधून उघडतो. युनिकोडआधीच्या फाँटात चढवलेली ती पाने आता रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ दिसत होती, कारण ब्राउझर तो फाँट त्या पानापासूनही लपवत होता. ती पाने वाचायला त्याने जुना ब्राउझर ठेवला आहे, बाकी सगळ्याला नवा. दोन्ही चिन्हे पडद्यावर शेजारी शेजारी आहेत, आणि कोणते काम कुणाकडे द्यायचे हे आता तो रोज ठरवतो.